पुसलेली फुली

आमच्या भिंतीवरची फुली तळहाताएवढी होती. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब, आणि खालच्या टोकाशी लाल रंगाचा एक ओघळ निघून अर्ध्यातच सुकलेला. भोवती गोल होता, पण तो पालिकेने गेल्या महिन्यात काढलेला, भिंतीत मुरलेला. फुली कालची. चष्मा वर करून मी एवढं सगळं शांतपणे पाहिलं आणि मग धावत घरात शिरले.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे बाटलीवर फुली म्हणजे नमुना बाद. ओतून द्या!

रस्ता रुंद होणार, त्यात आमची सगळी ओळ जाणार, ही कुजबुज वर्षभर चालली होती. घर सासूबाईंच्या नावावर. "आई, घर वाचवायचं कसं?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "थांब, शिट्ट्या मोजतेय." कुकर गॅसवर नसला तरी! नवऱ्याचं उत्तर त्याहून छोटं. "बघू."

"तुम्ही बघत बसा," मी म्हणाले. "हा तैलरंग आहे, ताजा आहे, थिनरने निघेल. खूणच नसेल तर पाडतील काय? जरा डोकं वापरायचं असतं!"

गोल काही निघेना. फुली मात्र लोण्यासारखी निघाली.

चिंधी घडी करत होते तोच शेजारचे शिंपीकाका कुंपणावरून डोकावले.

"वहिनी, तुमची फुली गेली?"

"हळू बोला! पुसली मी."

"मग आमचीही पुसा की! कोणाला सांगणार नाही."

त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त पलीकडच्या काकूंना सांगितलं. काकूंनी फक्त त्यांच्या पलीकडे. संध्याकाळपर्यंत मी थिनरची बाटली घेऊन अख्खी ओळ फिरले होते, आणि लोक माझ्याकडे साथ आटोक्यात आणणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे बघावं तसे बघत होते.

सकाळी पालिकेचा मुकादम आला. त्याच्यामागे घरं पाडायचं पिवळं यंत्र, उपाशी जनावरासारखी मान वर काढून. मी फाटक ओढून घेतलं.

मुकादमाने ओळीवर नजर फिरवली. "अरे वा! एवढी अडून बसलेली ओळ एका दिवसात राजी?"

"रा... राजी?" शिंपीकाकांचा आवाज चिरकला.

"गोल म्हणजे घर रस्त्यात येतंय. वर फुली म्हणजे मालकाने होकार दिलेला नाही, सुनावणी होईपर्यंत हात लावायचा नाही. फुली पुसलेली म्हणजे होकार. करा रिकामं!"

सगळी ओळ माझ्याकडे वळली.

"वहिनी," शिंपीकाका हळूच म्हणाले, "तुम्ही आमचं घर देऊन टाकलंत?"

"मी पुसल्या," मी मुकादमाला सांगितलं. "सगळ्या. मालकांनी होकार दिलेला नाही."

"सरकारी खुणा? तुम्ही?" तो कपाळावर हात मारत खालीच बसला. "बाई, मला घरी बसवाल आणि स्वतः आत जाल! साहेब दुपारी येतात. मी चहाला जातो. परत येईन तेव्हा सगळं होतं तसं पाहिजे. मी काही बघितलेलं नाही!"

मग लाल रंगाचा डबा आला. शिंपीकाका गळ्यातली टेप काढून खडूने आखून द्यायला लागले, जणू भिंतीला सदराच शिवायचा होता.

"तिरकी, वहिनी, तिरकी! मूळची तिरकी होती."

"माझी मोठी होती हं," काकू म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा मोठी!"

"आणि तो ओघळ?" मी विचारलं.

"ओघळही काढा! साहेबांना शंका यायला नको."

तेवढ्यात यंत्राच्या ड्रायव्हरने इंजिन चालू करून पाहिलं. मी अशी दचकले की काकूंच्या फुलीला पाचवा पाय फुटला.

शेवटची भिंत आमची. डावा पाय किंचित लांब, हे मला पाठ होतं. मी ब्रश टेकवणार तोच मागून आवाज आला.

"थांब."

दारात सासूबाई. हातात झारा.

"आई, शिट्ट्या?"

"खड्ड्यात गेल्या शिट्ट्या!" सगळी ओळ कान देऊन उभी. "वर्षभर जो तो विचारतोय, घर वाचवायचं कसं. वाचवायचं का, हे एकाने तरी विचारलं? या जिन्याने माझे गुडघे खाल्ले. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावते मी. पण तुमच्या सगळ्यांचा जीव अडकलेला, म्हणून गप्प बसले."

वरच्या खिडकीतून नवरा म्हणाला, "आई, बघू ना..."

"तू बघ." त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून डब्यात टाकला. "आपली राहू दे पुसलेली. मी घर देणार आहे."