वानखडे मॅडम हात पाहतात

मी आज धडधाकट उभा आहे तो वानखडे मॅडममुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना हसाल आणि मला राग येईल.

मॅडम दिसेल त्याचा हात धरतात. दूधवाला, एसटीचा कंडक्टर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा, कुणी सुटत नाही. तळवा उजेडाकडे धरायचा आणि अंगठ्यानं चोळायचा. पांढरकवड्यात नवीन आलेल्यांना वाटतं, बाई ज्योतिषी आहे. एक बाई तर पोरीला घेऊन आली होती, लग्न कधी जमेल विचारायला. मॅडम म्हणाल्या, "ते मले नाही दिसत. पण हिच्या अंगात रक्त कमी आहे. दवाखान्यात ने."

जन्मभर त्यांनी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. आता रिटायर, घरात एकट्या. नळ आला नाही, गॅस संपला, कामवाली चुकली, काहीही झालं तरी त्यांचं एकच वाक्य: "निरोप अडला!"

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि ट्रकच्या बॉडीचं काम शिकत शिकत या हायवेवर येऊन पोचलो. आता मॅडमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, आधी गॅरेजातच झोपायचो. वेल्डिंगच्या धुरानं छाती धरली होती. घरी कळवलं तर आई काळजीनं अर्धी होईल आणि डॉक्टरला पैसे नव्हते, म्हणून आठवडी बाजारातल्या माईकवाल्या वैद्याकडून दम्याची पुडी घ्यायला लागलो. आराम वाटायचा. घेता घेता वर्षं गेली.

खोली पाहायला आलो त्या दिवशीच मॅडमनी हात धरला. तळव्यावर बाजरीएवढे टणक दाणे होते.

"हे काय?"

"हातोड्याचे घट्टे, मॅडम."

"चप्पल काढ."

तळपायांवरही तेच दाणे.

"हातोडा पायानंही चालवतो काय रे?"

मग काय खातो, काय पितो, सगळं खोदून विचारलं. मी पुडी दाखवली. त्यांचा चेहरा उतरला.

"सोमल असंन याच्यात, म्हंजे आर्सेनिक. आपल्या अंगातल्या पेशी एकमेकींले सारख्या निरोप धाडत असतात. वाढ. थांब. दुरुस्ती कर. सोमल त्या निरोप्यांलेच जाऊन चिकटते. 'थांब' हा निरोप पोचतच नाही, म्हणून तुही कातडी वाढून राह्यली. अन् वरून आतमधी गंज."

"माणसाला गंज?"

"मंग! लोखंडाले चढते तसाच. गंज रोखायचं सामान शरीरापाशी असते, सोमल तेच संपवून टाकते. आज कातडी, उद्या नसा, परवा कॅन्सर."

पेशी मला कळल्या नव्हत्या. गंज कळतो. वरून रंग झकास असलेला पत्रा बोट लावताच भुगा झालेला मी पाहिलाय.

मॅडम मला नागपूरला घेऊन गेल्या. लघवी तपासली, नखं तपासली, पुडी तपासली. सगळीकडे सोमल. पुडी बंद झाली, दम्याला पंप मिळाला. दाणे पुरते जायचे नाहीत, दर काही महिन्यांनी दाखवत राहा, असं डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या, "तू एकटाच खात होता काय?" आणि प्लॅस्टिकचं स्टूल उचलून बाजारात निघाल्या. थेट वैद्याच्या छत्रीशेजारी बसल्या आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे हात धरायला लागल्या.

तो माईकवरूनच ओरडला, "बाई, धंदा खोटी करू नका! तुम्हाले काय कळते औषधातलं?"

"औषधातलं नाही कळत. विषातलं कळते."

"माही पुडी विष आहे?"

"नाही ना? मंग खाऊन दाखव."

"मी कायले खाऊ? मले काय झालं?"

लोक हसले. तो खवळला. पुढच्या बाजारी दिसलात तर पाहून घेईन म्हणाला. पुढच्या बाजारी मॅडम सकाळीच जाऊन त्याच्याच जागेवर बसल्या.

त्यानं दोन दांडगी पोरं आणली होती. आमचा गॅरेजचा शेठही त्याचाच गिऱ्हाईक; तो मला खुणेनं म्हणत होता, निघ. मी घाबरट माणूस. साधा पोलीस दिसला तरी रस्ता बदलतो. पण त्यातल्या एकानं मॅडमच्या स्टुलाला हात घातला आणि मी मध्ये जाऊन उभा राहिलो. दोन्ही तळवे वर केले. म्हटलं, "हे पाहा. याची पुडी खाऊन झालंय. हाकलायचं तर आधी मला हाकला."

मग धोतरातला एक म्हातारा पुढं आला, त्यानं आपला हात उघडला आणि माझ्या हाताशेजारी धरला. त्याच्या मागून एक बाई आली. शेवटी आमचा शेठ. वैद्यानं छत्री मिटली.

परतताना मी खुशीत होतो. मॅडम स्टूल या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "लोक त्याच्यापाशी पुडीसाठी नाही जात रे. तो जवळ बसवून विचारते, कसं वाटते म्हणून. रिटायर झाल्यावर मीही बसली होती एकदा त्याच्यासमोर. पुडी नालीत फेकली. पण इचारलं होतं त्यानं."

मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला कसं वाटतंय?"

"मले काय धाड भरली?" म्हणाल्या. आणि घर येईपर्यंत गुडघ्यांबद्दल बोलत राहिल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. त्या टाळतात, कारण दवाखान्यात सोबत थांबायला कुणी नाही.

मी थांबणार आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. नको म्हणू देत. त्यांचं माझ्यावर जे आहे ते मला असंच फेडायचंय: ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसेन, आणि त्या शुद्धीवर आल्या की कसं वाटतंय हे सगळ्यांच्या आधी मी विचारेन.