धम्मानंदची चाल

"धम्मा, हलून दाखवणारा माणूस आलाच नाही रे!" सुधीर सर मीटिंगच्या खोलीतून धावत बाहेर आले. "दिलसुखनगरला ट्रॅफिकमध्ये अडकलाय म्हणे. पाहुणे आत बसलेत. तूच उभा राहा कॅमेऱ्यासमोर."

धम्मानंदच्या हातात भाषणाचे कागद होते. महिनाभर तो मलकपेठच्या घरी आरशासमोर ते इंग्रजी घोकत होता. त्याच्या बायकोने, माधवीने, सकाळी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. "सर, पण समजावून मी सांगणार होतो ना? कोड मी लिहिलाय."

"म्हणूनच तर! कसं हलायचं ते तुझ्याइतकं कुणाला कळणार? समजावायला मी आहेच."

दीड वर्षं धम्मानंद एकाच गोष्टीमागे लागला होता. व्हिडिओतलं आत्ताचं चित्र पाहून पुढच्या क्षणी माणसाचा हात कुठे जाईल, पाय कुठे पडेल, याचा अंदाज संगणकाने बांधायचा. अंदाज बरोबर आला, तर पुढचं चित्र सगळं पाठवावं लागत नाही. चुकलं तेवढंच पाठवायचं. हा अंदाज त्याने इतका नेमका बसवला होता की व्हिडिओचा आकार निम्म्यावर आला होता.

तो शेजारच्या खोलीत जाऊन कॅमेऱ्यासमोर चालला, मग पळाला. मधल्या काचेतून त्याला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. सुधीर सर त्याच्याच आलेखावर बोट ठेवून "आम्ही असा विचार केला" म्हणत होते. समोर बसलेले अप्पाराव, ज्यांच्या कंपनीला हे घ्यायचं होतं, पडद्यावरून नजर हलवत नव्हते.

"बागुंदी! फार छान!" अप्पाराव म्हणाले. "आता गिरकी घ्यायला सांगा."

धम्मानंदने गिरकी घेतली. मग छत्री उघडून मिटली, मग उठाबशा काढल्या. पंचवीस मिनिटांत शर्टाची इस्त्री गेली, भाषणाचे कागद खिशातच भिजले. पडद्यावर मात्र चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. कपाळावरचा घामाचा थेंबन् थेंब मोजता आला असता.

"आता दुसरं कुणी चालून दाखवा," अप्पाराव म्हणाले.

सुधीर सर रंगात आले होते. कोट सावरत ते स्वतःच गेले आणि ऐटीत चालू लागले. दोन पावलांत पडद्यावर त्यांचा हात मागेच राहिला. तिसऱ्या पावलाला नाक कानाजवळ गेलं. चौथ्याला नुसता कोटच चालत होता.

"साब, नाक किदर गई?" अप्पारावांनी विचारलं.

सुधीर सर तांबडेलाल होऊन धम्मानंदला घेऊन परतले. "धम्मा, हे काय आहे?"

अखेर धम्मानंदला बोलायची संधी मिळाली, पण भाषण आता कामाचं नव्हतं. त्याने खरं तेच सांगितलं. "सर, चाचणीसाठी मी वेगवेगळी माणसं मागितली होती. तीन वेळा मेल केला, उत्तर नाही आलं. मग माझेच व्हिडिओ काढत गेलो, घरी, गच्चीवर. संगणक माझी चाल शिकला. दुसऱ्यांची त्याला ठाऊकच नाही. अंदाज इतका चुकतो की दुरुस्ती पाठवून पुरत नाही. माणसं मिळाली तर तीन महिन्यांत दुरुस्त करतो."

धम्मानंदला वाटलं, आता निदान माणसं तरी मिळतील.

"तीन महिने कशाला?" सुधीर सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात आपल्याला मोठ्या लोकांसमोर फक्त दाखवायचंय. दाखवताना धम्माच हलेल!"

अप्पारावांनी क्षणभर विचार केला. "हौ. दाखवण्यापुरतं चालतंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धम्मानंदनेही वाजवल्या, हात आपोआपच हलले.

सोमवारी मेल आला. धम्मानंदची बदली संशोधनातून प्रात्यक्षिक विभागात झाली होती. कोडची दुरुस्ती सारंगकडे गेली होती. सारंगला कंपनीत येऊन नऊ दिवस झाले होते.

दुपारी तो लॅपटॉप घेऊन संकोचत धम्मानंदकडे आला. "सर, वेगवेगळ्या माणसांचे व्हिडिओ लागतील मला. सुधीर सर म्हणाले, माणसं मिळणार नाहीत, धम्मानंदला विचार. म्हणजे... तुम्हीच जरा चार माणसांसारखं चालून दाखवाल का?"

धम्मानंदने खुर्ची मागे सरकवली. त्या पोराचा काही दोष नव्हता. "कोणापासून सुरू करू?"

"कोणीही. तुम्हाला नीट जमेल असं."

धम्मानंद उठला. पोट पुढे काढलं, हात पाठीमागे बांधले, हनुवटी वर केली आणि दुसऱ्याच्या ताटातलं जेवून उठल्यासारखी तृप्त पावलं टाकत सुधीर सरांसारखा चालू लागला.

"अरे वा!" कॅमेरा सरसावत सारंग म्हणाला. "सर, हे तर तुम्हाला तुमच्या चालीपेक्षा चांगलं जमतंय."