सासूबाईंची उडी आणि अर्धा सेकंद

घड्याळजींच्या घरात पाण्याचे अकरा फोटो होते. नुसत्या पाण्याचे. तलावाचा निळा काठ, थोडे शिंतोडे आणि एका फोटोच्या कोपऱ्यात एक टाच. ती टाच सासूबाईंची होती.

सासूबाई बासष्टाव्या वर्षी पोहायला शिकल्या आणि आता ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरणार होत्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, शर्यतीत एक उडी मारा, त्यानंतर पाण्यात उतरायचं ते शिडीनेच. त्यामुळे त्या शेवटच्या उडीचा फोटो त्यांना हवाच होता.

"जावईबापू, मी हवेत असताना काढा हो," त्या म्हणाल्या. "पाणी मी पाहिलंय."

दोष तसा कॅमेऱ्याचा. बटण दाबलं की तो आधी नजर जुळवायचा, मग उजेड जोखायचा, आणि सगळं मनासारखं झालं की सावकाश खटका उडवायचा. तोवर सासूबाई पाण्याखाली. लोकांची घड्याळं सेकंदावर आणून देणाऱ्या माणसाचा कॅमेरा असा, म्हणजे दिव्याखाली अंधार.

शेवटी घड्याळजींनी हा उशीर मोजायला घेतला. हातात स्टॉपवॉच, आणि बायको पलंगावरून उड्या मारतेय. नवव्या उडीला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वर आल्या.

"माझ्या शिवणावर छताचा रंग पडतोय. चाललंय काय?"

"आई तलावात उडी मारणारेत, त्याची तयारी," बायको धापा टाकत म्हणाली.

"मग तुम्ही का मारताय?"

दहावी उडी शिंपीणबाईंनीच मारली, कारण बायकोने बसकण मारली होती. उत्तर निघालं, अर्धा सेकंद. म्हणजे उडी दिसेपर्यंत थांबायचंच नाही. शिट्टी फुंकायला पंचांचे गाल फुगले की बटण दाबून मोकळं व्हायचं. सासूबाईंना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. एकदम फोटोच दाखवायचा होता.

शर्यतीला सहाजणी काठावर वाकल्या. घड्याळजींची नजर पंचांच्या गालांवर. गाल फुगले, बटण दाबलं, शिट्टी वाजली, खटका उडाला.

फोटो सुरेख आला होता. पाचजणी हवेत, एका रांगेत, थेंबन्‌थेंब मोजून घ्यावा इतक्या स्वच्छ. आणि सहाव्या सासूबाई काठावर ताठ उभ्या, कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत.

"आई, तुम्ही थांबलात कशाला?" घड्याळजींनी विचारलं.

"तुमचा कॅमेरा उशिरा उठतो ना," सासूबाई केस पुसत म्हणाल्या. "म्हटलं, आपणच जरा दम धरावा. शेवटचा नंबर आला, पण फोटो आला ना?"

घड्याळजींना गलबलून आलं. या बाईने त्यांच्यासाठी शर्यतीवर पाणी सोडलं होतं, आणि त्यांनी तिची शेवटची उडी घालवली होती. त्यांनी फोटो पुढे केला. सासूबाईंनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"छान आहे की. सगळ्या पडतायत, मी एकटी उभी आहे."

फोटो भिंतीवर लागला. पुढच्या आठवड्यात डॉक्टर गुडघे बघायला घरी आले, तेव्हा त्यांची नजर आधी त्या फोटोवर गेली.

"अरे वा, म्हणजे तुम्ही उडी मारलीच नाहीत," ते खूश होऊन म्हणाले. "शहाण्या आहात. मग ती एक उडी अजून शिल्लक आहे तुमची."

घड्याळजींनी तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला, या वेळी अगदी वेळेवर.