गायकवाडांचे न छापलेले निरोप

रसायनीच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. गायकवाड चपला काढायचे आणि वर दारावर टकटकही करायचे. आत कुणीच नसायचं. "तो कामात असतो. एकदम घुसू नये," असं ते गंभीरपणे सांगत. संध्याकाळी निघताना दारातून म्हणत, "येतो रं. नीट ऱ्हा."

माणसांशी मात्र त्यांचं फारसं बोलणं नसे. कर्जतहून एसटीने यायचे, डबा त्या गारठलेल्या खोलीतच खायचे. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. गायकवाड तिथे दिवसभर करतात तरी काय, हे विचारायलाही कुणी फिरकत नसे.

मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात त्यांनी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम बसवला होता. तो आवारातल्या टाक्यांची पातळी वाचायचा आणि प्रिंटरवर निरोप छापायचा. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी: 'टाकी तीन निम्मी भरली.' साहेब एकदा यावर वैतागले, तर गायकवाड म्हणाले, "वाचणारे खालापूरचे हायत, साहेब."

मे महिन्यात मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस नवी सिस्टिम चढवून गेला आणि निरोप बंद पडले. साहेबांनी बजावलं, "शनिवारपर्यंत बघा. नाहीतर हा प्रोग्रॅम काढून टाकू." तोवर टाक्यांवर चढून पातळी वहीत लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं.

गायकवाडांनी आधी प्रिंटरची वायर बदलली, मग शाईची रिबन. मग प्रोग्रॅमच्या प्रत्येक टप्प्यावर नवा निरोप पेरला: 'मी हितं हाय.' 'अजून हितंच हाय.' एकही छापून येईना. सगळ्यांना गंमत वाटू लागली. बॉयलरवरचे पाटील चहा घेऊन येऊन बसू लागले. खुद्द साहेब स्टुलावर टेकून विचारत, "बोलला का तुमचा?" आणि गायकवाड हातवारे करून समजावत. ते इतकं बोलू शकतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

शुक्रवारी दुपारी प्रिंटर खडखडला. साहेबांनी पाठ थोपटली, पाटलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाच मिनिटांत जो तो आपल्या कामाला गेला.

मी विचारलं, "काय झालं होतं?"

"निरोप तो देतच व्हता, पण ते मशीनच्या मेमरीत पडून ऱ्हायचे. नव्या सिस्टिममध्ये ठरवलेलं, मोठा बिघाड असंल तरच छापायचं. टाकी भरली, ही त्याच्या लेखी बातमीच नाय. एक ओळ बदलली, झालं."

बोलता बोलता मी टेबलावरचे कागद चाळत होतो. एका कागदावर 'मी हितं हाय'पासूनचे सगळे निरोप ओळीने छापलेले होते. वर तारीख बुधवारची.

"बुधवारीच सापडलं होतं? दोन दिवस मी उन्हात शिड्या चढतोय, गायकवाड!"

ते कागदाची कड नखाने दुमडत राहिले.

"चुकलंच माझं. तुमी चढताय, ते या खिडकीतून दिसत व्हतं." मग खाली बघत म्हणाले, "पण सापडलं म्हटल्यावर इथं कोण येतंय? घरीबी कोण नाय. या आठवड्यात पाटील बसले, साहेब बसले... वाटलं, शुक्रवारपर्यंत ऱ्हाऊ द्यावं."

माझे पाय अजून दुखत होते. मी स्टूल पुढे ओढलं.

"ते मेमरीचं मला नीट कळलं नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगा."