सतरा नंबरच्या बरणीतली बाळंतपणं

पोटभर जेवणाऱ्या आईचा वंश वाढतो, हे सनातन सत्य आहे. नेपल्सच्या किनाऱ्यावरची आमची संशोधन संस्था या सत्यावर तीस वर्षं उभी आहे. (इमारत टेकूंवर उभी आहे.)

आमचा विषय कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या कणीएवढाही नसलेला, कोळंबीचा दूरचा गरीब नातेवाईक. डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ हेच त्याच्या मादीचं आदर्श जेवण, असं आमचे संचालक एव्हारिस्तो यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. म्हणून वीस बरण्यांतल्या माद्यांना रोज तीनदा डायटम मिळे, रविवारी दुप्पट. माद्यांनी अंडी ढिगानं घातली. शंभर अंड्यांतून पिल्लं निघाली तीन.

कनिष्ठ संशोधिका फिलोमेना हिची नोकरी या पिल्लांवर होती. ईस्टरनंतरच्या मंगळवारी तपासनीस येणार आणि एका तरी बरणीत शंभरातून साठ पिल्लं दिसली नाहीत, तर तिला घरी जावं लागणार. तिनं भीत भीत सुचवलं, की हे जेवणच बाधतंय. तत्काळ आहार समिती नेमण्यात आली: संचालक, खानावळीच्या दोन्ना नुन्त्सिया (अनुभव: सहा बाळंतपणं) आणि पहारेकरी साल्वो (अनुभव नाही, मत आहे). इतिवृत्त लिहायला मी.

"अगं, जेवण कधी कुणाला बाधलंय का?" दोन्ना नुन्त्सिया कडाडल्या. "कमी पडतंय ते! बघ की, नुसती हाडं राहिलीत बिचाऱ्यांची!"

(कोपेपॉडला हाडं नसतात. इतिवृत्तात आली.) डायटम तिप्पट झालं. पिल्लं तिनाची एक झाली.

आता सतरा नंबरची बरणी. सतरा हा आकडा अवलक्षणी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बरण्यांत जेवण घालायचं काम साल्वोचं. सोळा झालं, की अपशकुन टळावा म्हणून तो खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लावून थेट अठरावर जाई. (नोंदवहीत शेरा: 'जेवली'.) सतरातल्या माद्या नळाच्या समुद्रपाण्यातून येईल ते खाऊन दिवस काढत होत्या.

ईस्टरच्या आधी फिलोमेनानं ती बरणी मोजली. शंभरातून ब्याण्णव! साल्वोकडून खरं काढून घेऊन पोरगी नाचतच समितीपुढे आली.

"वाचले मी, सर! यांना कुणी काही भरवलंच नव्हतं, म्हणून!"

संचालकांचे डोळे पाणावले. "उपाशीपोटी ब्याण्णव? अगं, मग जेवल्या तर काय करतील!"

"नको हो सर, पाया पडते!" फिलोमेना रडकुंडीला आली.

ठराव एकमतानं संमत झाला. बरणीचा आकडा बदलून 'सोळा-ब' करण्यात आला आणि तीन महिन्यांचं राहिलेलं जेवण एका दिवसात घालण्यात आलं. मंगळवारी तपासनिसाला त्यात एकही पिल्लू दिसलं नाही. कारण म्हणून मी 'सतरा आकडा' लिहिलं. सह्या झाल्या.

निरोपाच्या दिवशी दोन्ना नुन्त्सियांनी फिलोमेनाला समोर बसवून तीन थाळ्या पास्ता खायला लावला आणि विचारलं, "लग्नाला चार वर्षं झाली ना गं? मग, कधी?"

तुम्ही हसताय, हसा. पण लग्नाला वर्ष झालेल्या तुमच्या त्या भाचीला परवा अळिवाच्या लाडवांचा डबा कुणी पाठवला? आणि वर फोन करून "काही गोड बातमी?" कुणी विचारलं? आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही.