भिंतीतल्या मावशी

"चार दिवस! चार दिवसांत मागच्या खोल्या तयार, आणि पाचव्या दिवशी माझं समुपदेशन सुरू!" नम्रताने जाहीर केलं, आणि तिचा नवरा अजिंक्य याने शहाण्या नवऱ्यासारखी मान डोलावली.

मालगुंडच्या घरामागं, अंगण ओलांडून, त्या दोन खोल्या अजिंक्यने आईसाठी हौसेनं बांधल्या होत्या. कमळाबाई तिथं मोजून अकरा दिवस राहिल्या. "तिथनं रस्त्यावरचा माणूस दिसत नाय!" म्हणत उशी काखेत मारून त्या मोठ्या घरात परत आल्या, त्या आल्याच. पुढं अजिंक्यला जयगडच्या बंदरात नोकरी लागली, नम्रताने मुंबईतलं क्लिनिक सोडलं, आणि त्या रिकाम्या खोल्या पाहून तिला कल्पना सुचली.

"पण तू आत करणार काय?" कमळाबाईंनी दिवसातून सहाव्यांदा विचारलं.

"लोक मन मोकळं करणार, मी ऐकणार."

"आणि मग?"

"मग त्यांना बरं वाटणार. आणि आई, आत बोललेलं आतच राहणार. तुम्हालासुद्धा कळणार नाही."

ताज्या सुरमईची टोपली दाखवून कुणी पटकन झाकण लावावं, तसा कमळाबाईंचा चेहरा झाला!

चार दिवसांचे बावीस झाले. रंगाऱ्याने 'शांत निळा' म्हणून असा काही रंग फासला, की खोली नव्याने रंगवलेल्या होडीसारखी दिसू लागली. 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लागली, तर पहिल्याच सकाळी रघू खलाशी दारात हजर!

"वहिनी, उद्या वारा कसा हाय? होडी घालू ना पाण्यात?"

'समु' वाचून त्याने समुद्राचा उपदेश असा अर्थ लावला होता.

शेवटी एकच काम उरलं. खोलीच्या भिंतीत इंटरकॉमचा एक डबा होता आणि त्याचा जुळा भाऊ मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात. आईला काही लागलं तर बटण दाबून बोलता यावं, म्हणून अजिंक्यने बसवलेला. ते बटण सारखं अडकायचं. गुरुवारी सकाळी नम्रता घाईघाईत वायरमन भिकाजीला म्हणाली, "त्या बटणाची कटकट कायमची संपवा!"

भिकाजीने संपवली. बटण काढलं आणि तारा थेट जोडून टाकल्या. आता दाबायची गरजच नाही, डबा आपला दोन्हीकडून अखंड चालू! नम्रताने न बघताच त्यावर समुद्राचं चित्र टांगलं आणि ती निर्धास्त झाली.

अकरा वाजता पहिली बाई आली. ज्ञानेश्वरी, पन्नाशीची शिक्षिका. खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स पोटाशी धरून. समोरच्याला घाई करायची नाही, असं नम्रता शिकली होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंखा फिरत राहिला. पंधराव्या मिनिटाला चित्रातला समुद्र बोलला,

"बोलत का नाय गो ही?"

ज्ञानेश्वरी जागच्या जागी उडाली. पाठोपाठ शेजारच्या सखूचा आवाज, "उठून गेली असंल!"

"गेली कशी? आत्ताच खोकली की!"

नम्रताच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे इथला शब्द न् शब्द तिकडे! तिने चित्र ओढून काढलं. बटणाच्या जागी नुसतं भोक! "एक मिनिट हां!" म्हणून ती अंगणातून अशी धावली, की एक चप्पल वाटेतच राहिली.

स्वयंपाकघरात कमळाबाई आणि सखू डब्याला कान लावून बसल्या होत्या. कोळंबी अर्धी सोललेली तशीच पडलेली. नम्रताने प्लगला हात घातला, तोच डब्यातून बारीक आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी कमळा. नम्रताची सासू. घाबरू नको, बाय. तुला काय झालाय?"

डब्यातला आवाज जरा जवळ आला. मग, "झालं काहीच नाही हो. मुलगी पुण्याला गेली. घरी मी बोलते आणि हे मोबाइलमध्ये बघत 'हं' म्हणतात. परवा मुद्दाम म्हटलं, उद्यापासून मी डोंगरावर राहायला जाते. तर म्हणाले, हं, येताना दूध आण! चार महिन्यांत मला कुणी विचारलंच नाही, काय झालं म्हणून."

"मी विचारत्ये ना," कमळाबाई हळूच म्हणाल्या.

नम्रताचा हात प्लगवरच थांबला. पुढचं ऐकावंसं तिलाही वाटत होतं! पण मग तिने डोळे मिटून प्लग ओढला.

"अगो, आता कुठं बोलाया लागली होती!"

"आई, हे ऐकायचं नसतं! आणि सखूकाकू, यातलं एक अक्षर जरी बाहेर गेलं ना..."

सखूने गळ्याला हात लावून शपथ घेतली. कमळाबाई मात्र दुखावल्या. "बाईमाणसाचा दुःख मी वेशीवर टांगीन होय?"

नम्रता परतली आणि तिने सरळ माफी मागितली. "चूक माझी आहे. तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल, तर मी चांगली नावं सुचवते."

ज्ञानेश्वरीने तोंडावर पदर धरला होता. खांदे हलत होते. रडतेय वाटून नम्रता पुढं झाली, तर बाई हसत होती! "येताना दूध आण!" असं स्वतःशीच म्हणत हसता हसता तिला खरंच रडू फुटलं, आणि मग ती तासभर बोलत राहिली. नम्रताने मनापासून ऐकलं. निघताना पर्स पोटाशी नव्हती, खांद्यावर होती.

"मग पुढच्या गुरुवारी, अकराला?" नम्रताने ताठ मानेनं विचारलं.

"येते ना!" चपला घालता घालता ज्ञानेश्वरी थबकली. "मॅडम, एक विचारू? त्या मावशींची वेळ वेगळी घ्यावी लागते का?"

नम्रताने भिंतीवरच्या आपल्या तीन प्रमाणपत्रांकडे एकवार पाहिलं.

"विचारून सांगते," ती म्हणाली.