सरकारी शाळेचा मालक

सिमेंटलाही तहान लागते, हे मला बाबलकाकाने शिकवलं. पेडण्याकडच्या आमच्या गावात नव्या शाळेचा स्लॅब पडला आणि दुसऱ्या दिवसापासून हा सत्तरीचा गृहस्थ कळशी घेऊन शिडी चढू लागला. पाणी ओतता ओतता स्लॅबशी बोलायचा, "पी रे बाबा, पी. लाजू नको." मी खालून ओरडलो, "काका, पाणी घालायला ठेकेदाराची माणसं आहेत!" वरून उत्तर आलं, "तीं पाणी घालतत. मी पाजतंय!"

मी या शाळेचा मास्तर. मुलं अवघी सतरा, पण दंगा सत्तरांचा. जुनी इमारत धोक्याची ठरली, म्हणून वर्ग देवळाच्या मंडपात भरायचे. तेवढ्यात सरकारने बांधकामांसाठी हात सैल सोडला. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून कुणाला घर मंजूर झालं, कुठे शाळा. आम्हाला शाळा मिळाली. पण जूनपर्यंत इमारत उभी राहिली नाही, तर मुलं शेजारच्या गावी जाणार होती. आणि एकदा गेलेली मुलं कसली परत येतात!

बाबलकाका जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. शाळेचं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपणहून साइटवर हजर. इंजिनियरने विचारलं, "तुम्ही कोण?"

"मालक."

"अहो काका, ही सरकारी शाळा."

"मगे? सरकार म्हणजे कोण? आमीच मरे!"

चहावरही कर असतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून हॉटेलात भाजी-पाव खाऊन चहा प्याला, की कप ठेवताना म्हणायचा, "चला, शाळेच्या भिंतीक माझो एक चिरो बसलो." हॉटेलवाला म्हणाला, "काका, अशानं तू दिवसाक दोन खोल्यो बांधशीत."

कामाचा नारळ फुटला तेव्हा गाऱ्हाणंही त्यानेच घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने घातलेलं साकडं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. काकाने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज ह्या शाळेचां काम हाती घेतलां हां..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या ठेकेदाराक सिमेंट कमी घालूची बुद्धी झाली, तर ती बुद्धी तेरेखोलच्या खाडयेत बुडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज ठेकेदाराचा! बिचारा सावंतवाडीकडचा, लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेलं. मग त्याचा चेहरा बघवेना. पण देवासमोर 'व्हय' म्हणून बसला होता ना! कामात चिमूटभरही कसर केली नाही पठ्ठ्याने.

एप्रिलमध्ये मात्र घात झाला. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि गवंडी दुसऱ्या कामावर पळाले. चहूकडे बांधकामं निघालेली, गवंडी आणायचे कुठून? मी तर मनातल्या मनात मुलांच्या दाखल्यांवर सह्या करू लागलो होतो. तिसऱ्या दिवशी बाबलकाका चार गवंडी घेऊन आला. "माझे वळखीचे आसत," एवढंच म्हणाला. आम्हीही जास्त विचारलं नाही. त्या चौघांनी भिंती उचलल्या, स्लॅब पडला, गिलावा झाला. जूनच्या आधी शाळा तयार! कसली देखणी झाली म्हणून सांगू! मी पाहुण्यांना वाट वाकडी करून दाखवायला नेत असे.

उद्घाटनाचं बोलावणं करायला काकाच्या घरी गेलो, तर अंगणात चिऱ्यांचा ढीग तसाच आणि घराच्या मागच्या भिंतीच्या जागी निळं प्लास्टिक. त्यालाही घर बांधायला मदत मंजूर झालेली, जुनी भिंत पाडून तयारी केलेली.

"काका, तुमचे गवंडी कुठे गेले?"

"शाळेत होते मरे. आता ते दुसऱ्याच्या कामार. पावसानंतर येतले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला भयंकर लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल इतका अभिमान वाटला, की रागच आला. "अहो, सांगायचं नाही? पावसात राहणार कसे?"

"मी एकटो. भिजलंय तर टॉवेल आसा. सतरा जणांक मी खंय पुसू?" मग प्लास्टिकची दोरी उगाच घट्ट करत म्हणाला, "बायल गेल्यापासून घरात कोण बोलणारां नाय, मास्तर. पोरां दुसऱ्या गावात गेली असती, तर ह्या वाटेन कोण जातलां?"

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या घरावरून गेलो. पाऊस पडत होता. मुलं छत्र्या सावरत चालली होती आणि दारासमोर आल्यावर प्रत्येक पोर ओरडत होतं, "आजा, शाळेत जातंय!"

"जा रे!" "जा गो बाय!" काका प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होता. सतरावी हाक येईपर्यंत तो दारातून हलला नाही.